मुखवट्यांचे मूकनाट्य आणि समूहनिर्मिती : बोहाड्याच्या आधारे एक विवेचन

१. विषयप्रवेश

मराठी रंगभूमीचा विचार आपण बहुधा शब्दाच्या अंगाने करीत आलो आहोत. नाटक म्हणजे नाटककाराने लिहिलेली संहिता आणि प्रयोग म्हणजे त्या संहितेचे रंगमंचावरील उच्चारण, अशी समजूत आपल्या अध्यापनातही रुजलेली दिसते. विद्यापीठांत नाटक हा एक साहित्यप्रकार म्हणून शिकविला जात असल्यामुळे ही समजूत अधिकच दृढ झाली आहे. वस्तुतः भरताने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत, आणि आंगिकाचे पुन्हा शारीर, मुखज व चेष्टाकृत असे तीन भेद केले आहेत. यांतून वाचिक संपूर्ण वजा केला आणि मुखज अभिनयही मुखवट्याखाली झाकून टाकला, तर नाट्य म्हणून काय शिल्लक राहते, हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. मुखवट्यांचे मूकनाट्य उभे करू पाहणाऱ्या प्रत्येक नटसंचाला त्याचे उत्तर तालमीच्या पहिल्याच दिवशी शोधावे लागते.

प्रस्तुत लेखात या नाट्यप्रकाराच्या निर्मितीची प्रक्रिया उलगडून दाखविण्याचा हेतू आहे. विवेचनासाठी महाराष्ट्रातील बोहाड्याची जिवंत परंपरा आधाराला घेतली असून नांदेड व लातूर या जिल्ह्यांत असा प्रयोग करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अडचणी विशेषेकरून लक्षात घेतल्या आहेत. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे की, या प्रकारात समूहनिर्मिती हा केवळ आवडीचा किंवा वैचारिक आग्रहाचा भाग नसून ती तंत्राची गरज आहे. कारण मुखवटा धारण केलेला नट स्वतःचे रूप स्वतः कधीच पाहू शकत नाही.

२. मूकाभिनय आणि मुखवटा : दोन भिन्न मार्ग

विद्यार्थ्यांच्या परिचयाचा मूकाभिनय म्हणजे युवक महोत्सवातील स्पर्धेचा. भारतीय विद्यापीठ संघाच्या महोत्सवांत या प्रकारासाठी अधिकाधिक सहा कलावंत आणि पाच मिनिटांचा अवधी अशी मर्यादा असते. त्यात चेहऱ्याला पांढरा रंग फासून डोळे, भुवया व ओठ ठळक केले जातात. म्हणजेच तेथे शब्द नसला तरी चेहरा दुप्पट बोलत असतो. शिवाय नट नसलेल्या वस्तू असल्याचा भास निर्माण करतो. भिंत नसताना भिंत चाचपतो, दोर नसताना दोर ओढतो.

मुखवट्यांच्या मूकनाट्याचा मार्ग याच्या नेमका उलट आहे. येथे चेहरा स्थिर असतो व शरीर बोलते. वस्तू खोट्या न घेता खऱ्या घ्याव्या लागतात. कारण कृत्रिम चेहऱ्याच्या जोडीला कृत्रिम वस्तूही आली, तर प्रेक्षकाला विश्वास ठेवण्यास जागाच उरत नाही. यास्तव मूकाभिनयात निष्णात असलेला विद्यार्थी मुखवटा घालताच प्रथम गडबडून जातो. मुखवट्याच्या आत त्याचा चेहरा पूर्वीप्रमाणेच राबत असतो आणि ते सारे श्रम वाया जात असतात.

मुखवट्यांतही दोन मुख्य भेद ध्यानात ठेवावेत. अर्धा मुखवटा नाकापर्यंत असतो व तोंड मोकळे ठेवतो. इटलीतील कोमेदिया देल्लार्ते या प्रकारातील बहुतेक मुखवटे असे असून ती पात्रे भरपूर बोलतात. पूर्ण मुखवटा तोंडही झाकतो, आणि त्यामागून आलेला आवाज त्या चेहऱ्याचा वाटत नाही. म्हणून पूर्ण मुखवट्याचे नाट्य स्वभावतःच मूक असते. मौन हे त्यावर बाहेरून लादलेले बंधन नव्हे.

३. बोहाडा : एक अभ्यासविषय

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या तालुक्यांत आणि नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील आदिवासी पट्ट्यात होळीनंतरच्या दिवसांपासून उन्हाळा संपेपर्यंत गावोगाव बोहाडा होतो. भवाडा किंवा आखाडी या नावांनीही तो ओळखला जातो. कोकणा, वारली, ठाकूर, महादेव कोळी इत्यादी समाज त्यात सहभागी असतात. रात्री मशालींच्या उजेडात, संबळ व पिपाणीच्या तालावर एकामागून एक सोंगे नाचत येतात. आरंभी गणपती, मग शारदा. त्यानंतर रामायण-महाभारतातील व पुराणांतील पात्रे. आणि अखेरीस देवी व महिषासुर यांचे युद्ध, असा सामान्यतः क्रम असतो. मुखवटे पूर्वी लाकडाचे असत. पुढे कागदाच्या लगद्याचे हलके मुखवटे रूढ झाले.

नाट्याभ्यासकाच्या दृष्टीने यातील तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली ही की, सोंग बहुतांशी बोलत नाही. त्याची ओळख मुखवट्यावरून, हातातील आयुधावरून आणि त्याच्यासाठी ठरलेल्या चालीवरून पटते. वाजंत्री चाल बदलतात आणि सोंग दिसण्यापूर्वीच प्रेक्षक कोण येत आहे ते ओळखतो. दुसरी गोष्ट अशी की, अनेक गावांत अमुक सोंग अमुक घराण्याकडे असते. ते नाचविणे हा मान असतो आणि जबाबदारीही असते. खर्च गावाच्या वर्गणीतून होतो. प्रयोगाला लेखक नाही, आजच्या अर्थाने दिग्दर्शकही नाही, आणि तरीही प्रयोग विस्कळीत होत नाही. तिसरी गोष्ट ही की, मुखवट्याची पूजा होते. तो चढविणे हे वेषांतर नसून एक प्रकारचे अधिष्ठान आहे, अशी नाचविणाऱ्याची श्रद्धा असते.

या परंपरेचे आप्त महाराष्ट्राबाहेरही आहेत. पूर्व भारतातील छाऊ नृत्याच्या तीन शाखांपैकी झारखंडातील सराईकेला आणि पश्चिम बंगालमधील पुरुलिया या शाखांत मुखवटा असतो, ओडिशातील मयूरभंज शाखेत नसतो. २०१० साली युनेस्कोने छाऊचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. सराईकेल्याच्या मुखवट्यात श्वास कोंडतो म्हणून तेथील एकेक नृत्य अल्पकाळाचे असते. मुखवट्याच्या आतली हवा रचनेचा कालावधी ठरविते, हा धडा आपल्या विद्यार्थ्यांनीही मनात धरावा.

४. परंपरेतून काय घ्यावे, काय घेऊ नये

बोहाड्याचा आधार घेणे म्हणजे बोहाड्याचे अनुकरण करणे नव्हे. किंबहुना येथे एक मूलभूत फरक नीट समजून घेतला पाहिजे. बोहाड्यातील प्रेक्षकाला कथा आधीपासून ठाऊक असते. महिषासुर कोण व देवी त्याचा वध का करते, हे कोणालाही सांगावे लागत नाही. मौन तेथे चालते, कारण शब्दांचे काम पुराणाने पूर्वीच केलेले असते. विद्यापीठातील नटसंच जेव्हा नवीन विषय घेतो, तेव्हा हा पूर्वज्ञानाचा आधार नाहीसा होतो. मग अर्थ कोठून यावा?

आमच्या मते तो दोन ठिकाणांहून येऊ शकतो : वस्तू आणि निकड. एखादे पात्र रंगमंचावर आले, त्याला काही हवे आहे आणि ते मिळविण्यात अडथळा आहे, हे तीन मुद्दे वस्तूंच्या साहाय्याने स्पष्ट झाले, तर पात्राचे नाव, गाव, नातेगोते कळले नाही तरी प्रेक्षक कथेत गुंततो. उलटपक्षी, ज्या घटनेचे मर्म भूतकाळातील एखाद्या वचनात, गैरसमजात किंवा कायद्याच्या बारकाव्यात आहे, ती मूकनाट्याला मानवत नाही. विषयाची निवड करताना हीच पहिली कसोटी लावावी.

जे घेऊ नये तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पूजेतला मुखवटा उचलून त्याला रंगमंचावरील शोभेची वस्तू बनविण्याचा अधिकार अभ्यासकाला नाही. बोहाड्याकडून रचना शिकावी, तालाचे महत्त्व शिकावे, सामूहिक जबाबदारीची व्यवस्था शिकावी. मुखवटे मात्र आपले आपण घडवावेत.

५. मुखवट्याची घडण

मुखवटा विकत आणण्यापेक्षा संचाने स्वतः करणे इष्ट. नाट्यशास्त्रातही आहार्याच्या विवेचनात प्रतिशीर्षांचा, म्हणजे मुखवट्यांचा विचार आला असून कापड व बेल यांच्या साहाय्याने ते तयार करण्याची रीत दिली आहे. आजची सोपी रीत अशी : पाटावर चिकणमातीचा चेहरा घडवावा. त्यावर प्रथम नुसत्या पाण्यात भिजविलेल्या कागदाचा एक थर द्यावा, म्हणजे पुढे माती सहज सुटते. नंतर कागदाचे तुकडे खळीने चिकटवीत सहा ते आठ थर चढवावेत. एक थर वर्तमानपत्राचा व एक खाकी कागदाचा असा पालट ठेवल्यास कोठे थर राहून गेला ते तत्काळ दिसते. कीड लागू नये म्हणून बांधणीकाम करणारे खळीत मोरचूद घालतात. परंतु मुखवटा तोंडाशी येत असल्याने ते विषारी द्रव्य येथे वापरू नये. सावलीत पूर्ण वाळल्यावर माती काढून घ्यावी, कडा कापाव्यात, आतून मऊ कापडाचे अस्तर लावावे. रंग चकाकणारा नसावा, कारण दिव्याच्या प्रकाशात चकाकीमुळे चेहऱ्याचे उंचसखल भाग पुसले जातात.

घडणीतील खरे कौशल्य भाव ठरविण्यात आहे. हसरा मुखवटा केला, तर तो दुःखाच्या प्रसंगीही हसत राहतो. म्हणून चेहरा निश्चित एकाच भावाचा नसावा, परंतु त्याला स्वभाव असावा. जपानच्या नो नाट्यातील मुखवटे या दृष्टीने आदर्श होत. मुखवटा किंचित वर उचलला की तो उजळतो, किंचित खाली झुकविला की त्यावर मळभ येते. आणि या दोन्ही हालचालींना तेथे स्वतंत्र संज्ञा आहेत. छायेचा हा खेळ साधण्यासाठी कपाळ, भुवयांची कड आणि गालाची हाडे ठसठशीत घडवावी लागतात.

६. नटाची पूर्वतयारी

विसाव्या शतकातील युरोपीय नाट्यशिक्षणात मुखवट्याला मोठे स्थान मिळाले. फ्रान्समध्ये झाक कोपो याने आपल्या व्ह्यू कोलोंबिये नाट्यगृहाच्या शाळेत विद्यार्थ्यांचे चेहरे झाकून त्यांना शरीराकडे वळविले. संकोचाने अवघडलेल्या एका नटीचा चेहरा त्याने रुमालाने झाकला आणि तिचे शरीर मोकळे झाले, अशी हकीकत सांगितली जाते. पुढे झाक लकोक याने पादुआ येथील शिल्पकार आम्लेतो सार्तोरी याच्या सहकार्याने चामड्याचा तटस्थ मुखवटा सिद्ध केला. १९५६ साली पॅरिसमध्ये त्याने स्थापिलेल्या शाळेत विद्यार्थ्याचा आरंभ या मुखवट्यापासून होत असे. तटस्थ मुखवट्याला ना वय, ना भूतकाळ, ना विकार. तो घातल्यावर नटाच्या चालीतील लकबी, खांद्यांचे पोक, हातांचा अस्वस्थपणा, सारे उघडे पडते. चेहरा झाकला असता माणूस लपेल ही अपेक्षा येथे खोटी ठरते.

या शिक्षणातून व जगभरच्या मुखवटा-नाट्याच्या अनुभवातून काही नियम सर्वमान्य झाले आहेत. ते असे : (अ) प्रेक्षकांदेखत मुखवट्याला हात लावू नये, हात लागताच तो चेहरा न राहता कागद होतो. (आ) एका वेळी एकच क्रिया करावी. पाहणे, कळणे, ठरविणे व करणे या चार पायऱ्या वेगळ्या दिसाव्यात. (इ) डोळ्यांनी नव्हे तर नाकाने पाहावे. म्हणजे नजर वळवायची असता संपूर्ण मान वळवावी. (ई) महत्त्वाचे काही घडल्यावर मुखवटा क्षणभर प्रेक्षकांकडे वळवावा. त्या क्षणीच प्रेक्षक त्या स्थिर चेहऱ्यावर आपल्या मनातील भाव आरोपित करतो. (उ) एक मुखवटा हलत असता इतरांनी स्थिर राहावे.

यांपैकी शेवटचा नियम सर्वांत कठीण व सर्वांत फलदायी आहे. शब्दप्रधान नाटकात जो बोलतो त्याच्याकडे प्रेक्षकांचे लक्ष आपोआप जाते. मूकनाट्यात लक्ष कोणाकडे जावे हे संपूर्ण संच मिळून ठरवितो. एका नटाने अवेळी डोके हलविले, तर दुसऱ्याचा प्रसंग बुडतो. समूहाची शिस्त म्हणून जे म्हटले जाते ते हेच.

७. समूहनिर्मितीची पद्धती : एक कल्पित उदाहरण

पद्धती स्पष्ट व्हावी म्हणून एक विषय घेऊ. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला भीषण पाणीटंचाईने ग्रासले होते. मार्च महिन्यात तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ व्या कलमान्वये पाणीपुरवठ्याच्या ठिकाणी पाचांहून अधिक व्यक्तींनी जमण्यास मनाई करण्यात आली. आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल रोजी पोहोचलेल्या पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या व त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. या विषयावर सहा नटांचा संच मूकनाट्य रचू इच्छितो असे समजू.

पहिल्या टप्प्यात लेखन नसते, संकलन असते. नटांनी रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांशी बोलावे. रिकामी घागर व भरलेली घागर उचलताना पाठ, मान व पाऊल कसे बदलते ते पाहावे. भांडी रांगेत ठेवून माणसे सावलीत बसतात तेव्हा भांडेच माणसाच्या जागी कसे उभे असते, ते टिपावे. दुसऱ्या टप्प्यात मुखवटे घडवावेत. परंतु कोणता मुखवटा कोणाचा हे आधी ठरवू नये. प्रत्येकाने प्रत्येक मुखवटा घालून पाहावा. एकाच्या अंगावर जो मुखवटा निर्जीव राहतो तो दुसऱ्याच्या अंगावर चालू लागतो, असा अनुभव येतो.

तिसरा टप्पा उत्स्फूर्त प्रसंगांचा. प्रसंगाची सूचना जितकी नेमकी तितके फळ चांगले. “पाणीटंचाई दाखवा” ही सूचना निरुपयोगी आहे. “नळाशी पाचच माणसे थांबू शकतात, सहावा येतो” ही सूचना नाट्य निर्माण करते. कायद्यातील आकडा येथे रंगमंचावरील नियम बनतो. सहावा आत शिरला की कोणाला तरी बाहेर पडावे लागणार. आणि कोण बाहेर पडतो, कोणाकडे सगळे मुखवटे वळतात, यातून गावाची सारी उतरंड एक अक्षरही न उच्चारता प्रकट होते. प्रसंग पाहून झाल्यावर समोर बसलेल्यांनी “आवडले” किंवा “नावडले” असे न सांगता “काय दिसले” एवढेच सांगावे. नटाला अभिप्रेत असलेले आणि दिसलेले यांतील अंतर हाच पुढच्या तालमीचा विषय असतो.

चौथ्या टप्प्यात निवड व रचना येते. येथे दिग्दर्शकाचे स्थान नीट समजून घ्यावे. समूहनिर्मितीत दिग्दर्शक नसतो हा समज चुकीचा आहे. मुखवट्याच्या बारीक छिद्रांतून नटाला समोरचा थोडाच भाग दिसतो आणि स्वतःचे तर काहीच दिसत नाही. म्हणून समोर बसून पाहणारा कोणीतरी लागतोच. फरक एवढाच की, तो अर्थ लादत नाही, दिसलेल्या अर्थाची निवड करतो. प्रत्येक तालमीची नोंदवही ठेवावी आणि प्रसंगाचा क्रम, वस्तूंच्या जागा व तालाचे बदल तीत लिहावेत. संहिता नसलेल्या नाटकाची हीच संहिता होय. नोंदवही नसल्यास एक नट बदलताच अख्खे नाटक हरवते.

ताल व संगीत यांविषयी एक इशारा आवश्यक आहे. गाण्याच्या शब्दांतून कथा सांगणे ही पळवाट आहे. शिवाय मूकनाट्याचा प्रेक्षकवर्ग ठरविताना कर्णबधिर प्रेक्षक आपल्यासमोर आहे असे समजून रचना तपासावी. आवाज बंद करूनही कथा कळली पाहिजे. मग संबळ किंवा हलगी आली, तर ती कथेला बळ देते. तिची उणीव झाकीत नाही.

८. श्रेय आणि गुणदान

विद्यापीठाच्या चौकटीत या प्रकारापुढे एक खरी अडचण उभी राहते. परीक्षा व्यक्तीची होते, निर्मिती समूहाची असते. एका प्रयोगात एकाच मुखवट्यामागे दोन नट आलटून पालटून असतील, तर अभिनयाचे गुण कोणाला द्यावेत? बोहाड्यात हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तेथे श्रेय सोंगाचे असते व मान घराण्याचा. विद्यापीठात तसे करता येणार नाही. यावर एकच व्यवहार्य तोड आम्हाला दिसते : अंतिम प्रयोगाला संपूर्ण संचासाठी समान गुण द्यावेत, आणि व्यक्तिगत गुण नोंदवही, मुखवट्याची घडण व तालमीतील निरीक्षण यांवर द्यावेत. असे न केल्यास प्रत्येक विद्यार्थी रंगमंचावर स्वतःकडे लक्ष वेधू लागेल, आणि एक हलत असता इतरांनी स्थिर राहण्याचा नियम कागदावरच राहील.

९. नांदेड-लातूरच्या संदर्भात

या भागाला मूकनाट्याचे विशेष प्रयोजन आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होते. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यात होते. सीमा बदलल्या, भाषा राहिल्या. मराठीच्या जोडीला दखनी, उर्दू, तेलुगू, कन्नड, गोरमाटी, गोंडी व कोलामी या बोली-भाषा आजही येथे नांदतात. देगलूरला झालेला प्रयोग सीमेपलीकडे जसाच्या तसा नेता येईल, असा नाट्यप्रकार मराठीत दुसरा कोणता आहे? शिवाय सोंगांची परंपरा येथेही परकी नाही. बहुरूपी, पोतराज व गोंधळी सर्वांच्या पाहण्यातले आहेत; आणि किनवट-माहूरच्या आदिवासी भागात दिवाळीच्या सुमारास दंडारीत मोरपिसांचा मुकुट घातलेला घुसाडी नाचतो.

परंतु सावधगिरीच्या दोन गोष्टी येथेच नोंदविल्या पाहिजेत. मुखवटा नटाची जात, लिंग व वय झाकतो. म्हणून तो समतेचे साधन आहे असे म्हटले जाते. ते अर्धसत्य आहे. नटाचे जे झाकले जाते तेच पात्रावर ठळकपणे चिकटविण्याची सोयही मुखवटा देतो. पाटील, सावकार, लमाण बाई असे ठोकळेबाज चेहरे घडविले, तर मुखवटा पूर्वग्रहाचा वाहक बनतो. प्रत्येक मुखवट्याच्या बाबतीत संचाने विचारावे : हा चेहरा एका माणसाचा आहे, की आपण एका समाजाला दिलेले नाव आहे?

दुसरी गोष्ट जिवंत माणसांच्या दुःखाची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर काही तासांतच, किल्लारी परिसरात भूकंप झाला व हजारो माणसे दगावली. या घटनेवर मूकनाट्य करण्याचा मोह स्वाभाविक आहे. शब्द जेथे थिटे पडतात तेथे मौन योग्य, असे वाटते. तथापि ज्यांनी आपली माणसे ढिगाऱ्याखालून काढली, ते आजही त्या पुनर्वसित गावांत राहत आहेत. त्यांना आधी विचारल्याशिवाय, आणि प्रयोग प्रथम त्यांच्यासमोर केल्याशिवाय, तो स्पर्धेच्या रंगमंचावर नेऊ नये. त्यांनी नको म्हटल्यास तो करू नये.

१०. समारोप

सारांश, मुखवट्यांच्या मूकनाट्यात अर्थ तीन आधारांवर उभा राहतो : प्रेक्षकाचे पूर्वज्ञान, वस्तू व निकड, आणि संचाची परस्परांना जागा देण्याची शिस्त. बोहाड्यात पहिला आधार प्रबळ आहे; नव्या प्रयोगांना उरलेल्या दोहोंवर भिस्त ठेवावी लागते. वाचिक व मुखज अभिनय वजा केल्यावर काय उरते, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. शरीर उरते, वस्तू उरते, आणि एक नट दुसऱ्याकडे ज्या रीतीने पाहतो ते नाते उरते.

पुढील अभ्यासासाठी तीन कामे सुचवावीशी वाटतात. किनवट-माहूर भागातील दंडारीच्या हालचालींची व तालांची पद्धतशीर नोंद व्हावी. बोहाड्यातील सोंगांच्या चाली व त्यांचे ताल यांचा तौलनिक तक्ता तयार व्हावा. आणि विद्यार्थ्यांच्या मूकनाट्यांच्या नोंदवह्या विभागाच्या ग्रंथालयात जतन केल्या जाव्यात. शब्दप्रधान नाटकांच्या संहिता आपण कटाक्षाने सांभाळतो. ज्या नाटकांना संहिता नाही ती केवळ नोंदीअभावी नष्ट होऊ देणे, हे संशोधनसंस्थेला शोभणारे नाही.